चांगुणामावशीचा उडणारा माणूस

केंदूरच्या रानात खुरपायला बसलं की प्रत्येकीच्या वाट्याला या बांधापासून त्या बांधापर्यंत पिकाची एक लांब पट्टी येते. तिला पात म्हणतात. आपली पात मागं राहिली तर बायका चेष्टा करतात, आणि रोजच राहू लागली तर पुढं कामाला बोलवायला कुणी येत नाही. चांगुणामावशीची रोज राहायची, कारण तिचा डावा गुडघा वाकायचा नाही. तरी आमच्या टोळीचं तिच्यावाचून पान हलत नसे. ती पिच्चर सांगायची. आणि सांगणारीची पात दोन्ही बाजूंच्या बायकांनी ओढायची, असा आमचा शिरस्ता होता.

मी तेव्हा गावात नवी सून. दर महिन्याला मावशी गुडघ्याचं औषध आणायला शिरूरला जायची आणि येताना एक पिच्चर घेऊन यायची. दोन हजार तीनच्या सुमारास तिनं उडणारा माणूस आणला. पिच्चर इंग्रजी, पण हिंदीत बोलणारा. अंगात लाल झगा, एका बुक्कीत ट्रक आडवा.

साळूबाईनं नाक मुरडलं. ही आमच्या टोळीची म्होरकी, तिला सहजासहजी काही आवडत नसे. सगळंच जमणारा गडी आपल्या काय कामाचा, म्हणाली. मावशी हुशार. दुसऱ्याच दिवशी आम्हाला कळलं की त्या माणसाला उंचावरून खाली बघितलं की चक्कर येते, म्हणून तो बाजरीच्या कणसांना पाय लागतील इतकाच वर उडतो. रागाच्या भरात त्यानं एक पूल मोडला आणि मग लाजून गुपचूप दगड रचत बसला. आईला तर त्यानं चक्क थाप मारलीय की मी कंपनीत कामाला आहे. साळूबाईचा जीव जडला त्याच्यावर. सकाळी डोक्यावरचं ओझं खाली ठेवायच्या आधी ती त्याची खुशाली विचारायची.

पिच्चर तीन तासांचा, मावशीनं पंधरवडा ओढला. का ओढणार नाही? तो संपला की तिची पात तिच्याच गळ्यात. शेवटी बाजाराच्या आदल्या दिवशी गोष्टीत त्याची आई डबा घेऊन कंपनीच्या गेटवर आली, आणि मावशी थांबली. साळूबाईला काही धीर निघेना. उद्या शिरूरला जायचंच आहे, तर पुढचं टॉकीजमध्येच बघू, असं तिनं ठरवून टाकलं. मावशीनं गुडघा दुखतोय सांगितलं, गर्दी असते सांगितलं, पिच्चर उतरला असेल असंही सांगून बघितलं. कुणी ऐकलं नाही.

टॉकीजमध्ये आम्ही सगळ्या पिशव्या मांडीवर घेऊन एका रांगेत बसलो. पडद्यावरचा माणूस ढगांच्याही वर गेला. चक्कर नाही, चूक नाही, डोक्यावरचा केस हलला नाही. आई तर नव्हतीच. हा तो नव्हेच, असं साळूबाई मोठ्यांदा म्हणाली, तेव्हा मागची पोरं ओरडली. इंटरव्हलला दिवे लागले आणि सगळ्या माना मावशीकडं वळल्या. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्या पिच्चर बघितलाच न्हाई," ती म्हणाली. "औषध घेतलं की गाडीची येळ व्हती. निस्तं भितीवरचं पोस्टर बघितलं. बाकी समदं मनाचं."

परतीच्या गाडीत तिच्याशी कुणी बोललं नाही. मला फार वाईट वाटत होतं, पण नव्या सुनेनं तोंड कशाला उघडायचं, म्हणून मीही खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मावशी न बोलावता रानात आली. पार कडेची पात धरली, डावा पाय लांब सोडला आणि मान खाली घालून खुरपू लागली. घटकाभरात ती चांगलीच मागं पडली. मग साळूबाई आपली पात सोडून उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

"कालच्याला आईच न्हाई, त्याचं काय बघायचं?" ती म्हणाली. "तुझ्या मानसाच्या आयनं गेटवर काय केलं, ते सांग."

मावशीनं वर बघितलं. साळूबाईचं खुरपं तिच्या पातीत चालू झालं होतं.

"आय म्हनली," मावशीनं घसा साफ केला, "कंपनीत हायेस व्हय? मग ह्यो लाल झगा रोज धुतंय कोण रं?"

साळूबाई हसता हसता मातीत बसली. आम्हीही आपापल्या पाती टाकून तिकडंच सरकलो. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मावशीची पात बांधाला लागली.