बाईंचा कान

दवाखान्यात माझ्या शेजारी आमच्या चौथीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. कानाला चिमटा, चिमट्याला वायर, मांडीवर मोबाइलएवढं यंत्र आणि आमवाताने सुजून वाकडी झालेली बोटं.

"दुखतं का हो?" मी विचारलं.

"छे गं, नुसत्या मुंग्या येतात. कानातली एक नस पार पोटापर्यंत जाते म्हणे. ती चेतवली की सांध्यांची सूज उतरते. उतरली तर."

कान पिळला की अक्कल येते, असं बाई वर्गात म्हणायच्या. अगदीच चुकत नव्हत्या. कानातून आत वाट जाते खरी. माझ्या पोटात शाळेच्या फाटकापाशीच गोळा यायचा. पिळणारी बोटं हीच. आता त्यांना साडीची पिनसुद्धा लावता येत नाही, आणि ती बरी व्हावीत म्हणून बाईच स्वतःचा कान धरवून घेत बसल्यात. मला बरं वाटलं, अगदी मनापासून.

यंत्र थांबलं. बाईंनी हात वर नेला, पण बोटांना चिमटा दाबवेना.

"टोचतोय गं आता. जरा काढतेस का?"

"काढते हं, बाई," मी म्हटलं आणि हातातल्या मासिकाचं पान उलटलं.