खांड्याची उष्टी हळद

"पाय ओले कर आणि चाल."

थोरल्या बाईसाहेब आमच्या घरात घोंगडीवर बसून बोलत होत्या. मी पायांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि सारवलेल्या जमिनीवरून चालले. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. त्या उठल्या, वाकल्या आणि माझ्या पावलांचे ठसे बघू लागल्या. माझ्याकडं नाही. ठशांकडं.

"पाऊल रुंद आहे," त्या बरोबरच्या बाईला म्हणाल्या. "चिखलात टिकेल."

मग हात. माझे तळवे उलटे करून त्यांनी घट्टे अंगठ्यानं दाबून बघितले. बाजारात बैलाचा खांदा बघतात तसे. मग म्हणाल्या, "तोंड उघड." दात बघितले. दाढेवर बोट फिरवलं. घरात आबा होते, चुलते होते, आमच्या पासली गावातली चार जाणती माणसं होती. सगळे आढ्याकडं बघत होते. आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. कोळीष्टकं होती.

मला स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलं नाही. पत्रिका मागितली नाही. मामाचं कूळ विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:

"पहाटे उठल्यापासून दिवस उगवेपर्यंत किती दळतेस?"

"दीड पायली," मी म्हणाले.

त्या हसल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदा. सुनेचं पाऊल नाजूक असावं, असं आजवर ऐकलं होतं. हिला रुंद का आवडलं?

मी जन्माची संशयी. आई म्हणायची, ही पोर देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधते. शोधते. कारण आमच्या वाट्याला आलेल्या भाकरीत खडा नेहमी असायचा.

थोरल्या बाईसाहेबांचं घर भोराकडच्या एका गावातल्या इनामदाराचं. नाव घेत नाही. संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. राजघराण्याशी यांचा काडीचा संबंध नव्हता, पण ऐट अशी की तोरणा जणू यांच्याच परसात उभा आहे. लोक त्यांना सरकार म्हणायचे. ओढ्याकाठचं भाताचं खाचर आम्ही कसत होतो, ते यांच्याच इनामातलं. पिकलं की निम्मं त्यांचं. वर वेठ. म्हणजे बोलावणं आलं की त्यांच्या घरी जाऊन फुकट राबायचं. लाकडं फोडा, भात कांडा, गोठा काढा. त्या वर्षी मात्र गावोगावच्या माणसांनी वेठ नाकारली होती. शेत कसू, निम्मं देऊ, पण फुकट हात चालवणार नाही, म्हणाले. आमच्या गावात हे बोलायला सगळ्यांत पुढं होते माझे आबा. आल्यागेल्याला ते छाती काढून सांगायचे. मलाही त्यांचा अभिमान होता. लई होता.

आणि त्याच वर्षी त्या घरानं मुलासाठी मला मागणी घातली. मला सोळावं लागलेलं. आईच्या लेखी मी घोडनवरी झाले होते.

आठ दिवसांनी त्यांचा कारभारी आला. पानाचा तोबरा, डोक्याला जरीचं पागोटं. म्हणाला, "सोयरीक पसंत हाय. खांडा यील."

खांडा म्हणजे तलवार. मोठ्या घराला खालच्या घरातली मुलगी करायची असली की नवरा तिच्या दारात येत नाही. त्याची तलवार येते. तिलाच मुंडावळ्या बांधतात, तिलाच पाटावर ठेवतात, आणि मुलीचं लग्न तिच्याशी लावतात. मग मुलगी निमूट तलवारीमागं चालू लागते.

"धाकटं सरकार कुनाच्या दारात जात न्हाईत," कारभारी म्हणाला. "रीतच हाय."

आईला तर आभाळ ठेंगणं झालं. "तलवारीसंगं लगीन म्हंजी रानीचं लगीन गं!" ती शेजारणींना सांगत फिरली. शेजारणी मला बघायला यायच्या आणि माझ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायच्या. मी मनात म्हणायची, बडा घर पोकळ वासा. पण मोठ्यानं नाही. अजून नाही.

माघात आम्ही राबासाठी रानात पाला तोडत होतो. भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला पाला लागतो, फांद्या लागतात. कोयता चालायचा आणि डोकं त्याच्या पुढं चालायचं. बाकीच्या मुली लग्न ठरलं की नवऱ्याचं नाक कसं असेल, याचा विचार करतात. मला नाकाच्या जागी तलवारीची मूठ दिसायची. तो आजारी असेल. वेडा असेल. म्हातारा असेल. मेला असला तरी कोण सांगणार? तलवारीला काय, सुतक असतं?

रोज नवा संशय. भाकरी थापताना एक, शेण उचलताना दुसरा. हळद कुटणाऱ्या बायका गाणी म्हणायच्या आणि मला वाटायचं, ह्या गातात ते माझ्यासाठी नाहीच. माझ्या नावावर दुसरंच काही चाललंय. मी कुणाला विचारलं की उत्तर एकच. "मोठ्या घरचं आसंच आसतं."

वरच्या वाडीत धोंडाई राहायची. धनगराची. शेळ्यामेंढ्या, दोन म्हशी. दर आठवड्याला तूप घेऊन ती डोंगर उतरायची, तशीच पार खाली त्या घरापर्यंत जायची. एकदा रानातच मी तिला गाठलं.

"मावशे, तू नवरा बगितलास का?"

"बगितला की. धडधाकट हाय. घोड्यावर बसतू, पान खातू."

खरं सांगते, मी खट्टूच झाले. तो आजारी निघाला असता तर मला त्याची दया तरी आली असती.

"मग यायला काय झालं त्याला?"

"तुज्या दारात? कशाला यील?" धोंडाईनं तुपाचं गाडगं खाली ठेवलं. "पोरी, ह्याच्या आदी दोन आनल्यात. खांड्यावरच्याच. खरी बायकू वर माडीत. ह्या दोगी मागल्या अंगाला. येक गोठ्यात, येक जात्यावर. पंगतीला न्हाईत. उरंल त्ये खायाचं."

"नवरा त्यांच्याकडं..."

"म्या तुपाची बाई. दारात बसती, दिसतं तेवडं बोलती." मग गाडगं उचलत म्हणाली, "गोठ्यातली मला इचारीत व्हती, आमच्या गावाकडचं कुनी भेटतं का गं म्हनून. तिचं नाव त्या घरात कुनाला ठावं न्हाई. खांडीण म्हनत्यात. दोगींना बी त्येच."

ती निघून गेली. मी पाल्याच्या भाऱ्यावर बसून राहिले. रडले नाही. मला राग आला होता, आणि रागाखाली भीती होती.

घरी येऊन सगळं सांगितलं. आई म्हणाली, "धनगरनीला काय कळतंय? आन दिल्या घरी सुखी ऱ्हावं मानसानं." आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "खाचर त्येंचं हाय." एवढंच. वेठ नाकारणारे माझे आबा. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

हळदीचा दिवस उजाडला. दारात वाजंत्री आली. मागं मेणा. कारभाऱ्यानं मेण्यातून तलवार काढली, लाल शेल्यात गुंडाळलेली, मुठीला मुंडावळ्या. सगळं गाव हात जोडून उभं. पाटावर तलवार, शेजारच्या पाटावर मी. त्यांच्याकडच्या बाईनं चांदीची वाटी पुढं केली. उष्टी हळद.

आमच्यात आधी नवऱ्याला हळद लागते. त्याच्या अंगाची उरलेली ती उष्टी, ती नवरीला लावायची. लहानपणापासून किती जणींना लागताना बघितली होती. उष्टी असली तरी ती माणसाची असते. कुणीतरी तिकडं हळदीत बसलेला असतो, त्याला त्याची बहीण चिडवत असते, त्याच्याही कानामागं पिवळं झालेलं असतं. म्हणून चालतं ते.

पहिली सवाष्ण वाकली. मी तिचा हात धरला आणि वाटी आणणाऱ्या बाईला विचारलं:

"ही उष्टी कुनाची?"

ती गडबडली. "खांड्याची. मुठीला लावून आनलीया."

"धाकट्या सरकारांना लागली न्हाई?"

"न्हाई. त्यांना कशाला?"

मी वाटी हातानं बाजूला सारली. सांडली नाही. सारली. आणि म्हणाले, "लोकंडाचं उष्टं म्या लावून घ्यायची न्हाई. ज्याचं लगीन हाय त्यानं यावं."

वाजंत्री थांबली. आबा आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. उभ्या जन्मात पहिल्यांदा. मारून ते लगेच कारभाऱ्याच्या तोंडाकडं बघू लागले. मार लागला त्यापेक्षा ते बघणं लागलं. एवढा मोठा माणूस भ्यालाय, हे मला तेव्हा कळलं.

मी पाटावरून उठले. कारभारी आबांना म्हणाला, "पोरीची अक्कल जाग्यावर आना. सकाळच्याला येतो." तलवार आमच्याच घरात ठेवून गेला. तिला कोण हात लावणार?

सकाळी तो आला तो हसतच. ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "झालं तुमच्या लेकीच्या मनासारकं. धाकटं सरकार सोता येनार."

आईनं देवाला हात जोडले. चुलते म्हणाले, "न भूतो!" शेजारणी दारात गोळा झाल्या. सगळे माझ्याकडं असे बघत होते की आता हिला आणखी काय पाहिजे. आणि क्षणभर मलाही तसंच वाटलं. मी म्हणाले होते, त्यानं यावं. तो येत होता. जिंकलेच की मी.

पण खडा लागला.

"कारभारी," मी विचारलं, "आदीच्या दोगींच्या लग्नाला आलं व्हतं का धाकटं सरकार?"

तो पानाची पिंक टाकायला वळला.

"मग माज्याच का?"

"तुला काय करायच्यात चौकशा?"

"जात्यावर मानूस कमी पडतंय म्हनून का?"

तो चिडला. चिडलेला माणूस खरं बोलतो. उठून उभा राहिला आणि मला नाही, आबांना म्हणाला, "मग काय करायचं वाड्यानं? वेठ तुमीच बंद केलीत न्हवं? दळायचं कुनी? गोठा कुनी काढायचा? बाईसाहेबांनी?"

मी आबांकडं बघत होते. त्यांचं तोंड उतरत गेलं. महिन्यातले चार दिवस राबणार नाही, असं ज्यांनी चावडीवर ताठ मानेनं सांगितलं होतं, ते त्याच घराला माझा सगळा जन्म राबायला देत होते. वर वाजंत्री लावून. मला तर आदल्या दिवशी वाटत होतं की नवरा आला नाही, हा अपमान. तो अपमान नव्हताच. तो आला असता तरी मला न्यायलाच आला असता, गोठ्याशेजारच्या तिसऱ्या कोपऱ्यात बसवायला. फरक एवढाच की घोड्यावरून.

"येऊ दे न्हाईतर न येऊ दे," मी म्हणाले. "म्या जायाची न्हाई."

आबा उठले. मग म्हणाले, "कारभारी, खांडा उचला."

इथं गोष्ट गोड व्हायला पाहिजे. झाली नाही. चैत्रात खाचर गेलं, दुसऱ्या कुळाला दिलं. आम्ही डोंगराच्या उतारावर नाचणी केली, वरी केली. भाताचं तोंड सणाला बघायचं. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "देव देतो आन कर्म नेतं." आबांनी थोबाडीत मारल्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, मीही काढला नाही. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना जरा अदबीनं बोलायचे, आणि मला ते आवडायचं नाही. वेळेवर अदब असती तर बरं झालं असतं.

माझं लग्न झालं नाही. तलवार परत पाठवणारी कोण करतो?

पुढच्या वर्षी तोच कारभारी परत गावात आला. आमच्याकडं नाही. खालच्या आळीत, तुळसा नावाच्या पोरीला बघायला. तेरा वर्षांची पोर. मी तिच्या दारात गेले आणि उंबऱ्यावर बसले. मला बोलावलं नव्हतं. तिचा बाप म्हणाला, "तू कशाला आलीस? तुजं झालं त्ये झालं." मी त्याला काही बोलले नाही. तुळसाला हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, आधीच्या दोघी कुठं आहेत, काय खातात, त्यांना कशी हाक मारतात. ती रडायला लागली. कारभारी उठून गेला.

तेव्हापासून पासलीत कुणाकडंही पोरगी बघायला पाहुणे आले की मी जाते. मोठ्या घरचे असोत, नाहीतर आमच्यासारखे फाटके. कुणी बोलावत नाही. पाहुण्यांसमोर बसते आणि विचारते. नवरा कुठाय? आधीची कुठाय? घरात दळतं कोण? आणि शेवटी मुलीला विचारते, तुला जायचंय का? काही जणी हो म्हणतात. म्हणू देत. पण मी तिचा होकार तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणाला सुपारी फोडू देत नाही.

लोक मला आडवी म्हणतात. कज्जेदलाल म्हणतात. काहींनी दारं लावून घेतली. मी बाहेर अंगणात बसून तेच मोठ्यानं विचारते. उद्याही कुणाकडं पाहुणे आहेत, असं ऐकलंय. मी जाणार आहे.