मेमरीची खाच

बेडशाच्या रतन ओव्हाळने एकोणीस वर्षं तळेगावजवळच्या एका कारखान्यात पार्ट मोजले. बोटाएवढा पार्ट उचलायचा, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर हिरव्या क्रेटमध्ये, नाही बसला तर लाल. एकदा माल पाठवायची घाई होती. सुपरवायझरने तिला लाल क्रेटमधले ‘चालण्यासारखे’ पार्ट हिरव्यात टाकून सही करायला सांगितलं. तिने सही केली नाही. पुढचे चार महिने तिला पॅकिंगला बसवलं. परत बोलावलं तेव्हा ती जागेवर येऊन बसली.

२०२२ मध्ये मोजमापाला कॅमेऱ्यांचं मशीन आलं आणि तिच्या खात्यातल्या अकराजणी घरी गेल्या. रतनही त्यांत होती, तेव्हा त्रेचाळीस वर्षांची. तिला ड्रॉइंग वाचता येत होतं, काढता येत नव्हतं. कामशेतच्या एका क्लासात तिने आठ महिने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकून घेतलं. वर्गातली बाकीची मुलं तिच्या लेकीच्या, पायलच्या वयाची होती. नवरा प्रदीप रेल्वेत ट्रॅकमन. त्याने कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणून दिला, आणि घरच्या घरी काम सुरू झालं.

काम देणारे वडगावचे महिपती गराडे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये फिक्श्चर बनत, म्हणजे मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चौकटी. कंपन्यांकडून आलेली कागदावरची ड्रॉइंग रतन कॉम्प्युटरवर उभी करून द्यायची. वर्षभर नीट चाललं. मग २०२४ च्या जूनमध्ये साडेतीनशे तुकड्यांचं एक फिक्श्चर आलं आणि कॉम्प्युटर हटून बसला. फाइल उघडायला घेतली की पडदा गोठायचा. तिने कामाचे डावा आणि उजवा असे दोन भाग केले, पण दोन्ही एकत्र कधी दिसलेच नाहीत.

लोणावळ्यात कैलासचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. रतनने कॅबिनेट तिथे नेलं. त्याने झाकण काढून बघितलं.

“ताई, हा बोर्ड सात-आठ वर्षांचा. याला डीडीआर फोर मेमरी लागते. आता सगळे फाइव्हवर चाललेत. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी सगळंच बदला, एकदाच काय ते होऊन जाईल.”

“नव्या बोर्डात फोर बसत नाही?”

“फाइव्हच्या बोर्डात फोर बसत नाही आणि फोरच्यात फाइव्ह बसत नाही. बोर्ड ठरला की मेमरी ठरली.”

“मग आधी अडलंय कशानं ते बघते,” रतन म्हणाली आणि कॅबिनेट परत घेऊन आली.

दोन दिवस तिने काम करता करता कॉम्प्युटरवरचा भार दाखवणारी खिडकी उघडी ठेवली आणि दर पाच मिनिटांनी आकडे वहीत उतरवले. प्रदीप ड्युटीवरून आला तेव्हा ती लिहीतच होती.

“काय लिवतीस?”

“कशानं आडतंय त्ये. मेमरी भरून वाहती, आन् प्रोसेसर निम्माबी चालत न्हाई.”

“मग त्यो बदलून काय उपेग?”

“त्येच म्हनतीय मी.”

माहिती काढता काढता तिला तिसरी वाटही सापडली. काही बोर्ड असे होते की ज्यांत बरेच नवे प्रोसेसर बसत, पण मेमरी फोरच लागे. म्हणजे आज फोर मेमरीच्या मोठ्या पट्ट्या घेतल्या तर त्या जुन्या बोर्डात चालल्या असत्या आणि पुढे तसल्या बोर्डातही. त्याच्या पुढे मात्र ती वाट संपत होती. नंतर कधी बदल करायचा तर मेमरीही टाकून द्यावी लागणार. हेही तिने लिहून ठेवलं. मग दुकानात जाऊन तिने फक्त फोरच्या पट्ट्या मागितल्या.

“दोन वर्षांनी म्हणाल, कैलासने सांगितलं होतं,” कैलास म्हणाला.

“म्हणेन. पण आज प्रोसेसर रिकामा बसून आहे.”

त्याने सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या दिल्या. घरी येऊन रतनने पहिली पट्टी खोक्यातून काढली आणि बोर्डातली जुनी पट्टी काढून तिच्या शेजारी धरली. लांबी सारखी होती, पण खालच्या कडेची खाच जुळत नव्हती. नवीची खाच जरा मध्याकडे सरकलेली होती. खोक्यावर फोर होतं; पट्टीवरच्या बारीक अक्षरांत फाइव्ह.

सासू भामाबाई शेजारी बसून बघत होत्या. “दाबून बग की. जाईल.”

“दाबायचं न्हाई, आत्या. आडतंय म्हंजे ती हितली न्हाई.”

दुसऱ्या दिवशी कैलास ओशाळला. दोन गिऱ्हाइकांची खोकी एकाच वेळी उघडी होती, त्यात अदलाबदल झाली असणार. त्याने पट्ट्या बदलून दिल्या. रतनने तिथेच दोन्ही, सोबत नेलेल्या जुन्या पट्टीशी लावून बघितल्या आणि मग निघाली.

त्या संध्याकाळी फिक्श्चर पहिल्यांदा अख्खं उघडलं. रतनने ते चहूबाजूंनी फिरवून बघितलं. डाव्या भागातला दाब देणारा हात मिटवला की उजव्या भागातल्या बोल्टच्या डोक्यावर आदळत होता. तिने मूळ कागद पुन्हा तपासला. चूक कागदातच होती. तिने गराड्यांना फोन लावला.

“ताई, ड्रॉइंग कंपनीचं आहे. तुमचं काम उतरवून द्यायचं.”

“उतरवलंय, शेठ. पण हा हात मिटणार नाही. चार मिलिमीटर आडवं येतंय.”

“लोखंड कापायला गेलंय माझं.”

“तो हात कापला का?”

“विचारतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवस त्यांचा फोन आला नाही. रतन त्यांचंच दुसरं काम करत राहिली, पण जेवण तिला गोड लागत नव्हतं. काम देणारं दुसरं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी कंपनीचं दुरुस्त केलेलं ड्रॉइंग आलं, सोबत एक ओळ नाही. पुढच्या महिन्यापासून मात्र गराडे प्रत्येक काम कापायला टाकण्याआधी तिच्याकडे पाठवू लागले: काही आदळतंय का, बघा. त्या तपासणीचे तिने वेगळे पैसे मागितले. त्यांनी थोडी कुरकुर केली आणि दिले.

फिक्श्चरचा प्रत्येक हात, प्रत्येक तुकडा पडद्यावर हलवून बघायचं काम वाढलं तसा आता प्रोसेसर पुरेना. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा कैलासकडे गेली. तेव्हा मेमरीचे भाव चढत होते.

“तुमच्या पट्ट्या राहू द्या,” तो स्वतःच म्हणाला. “फोरवाला बोर्ड आहे माझ्याकडे, नवा प्रोसेसर त्यात बसेल.”

एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. जुन्या कॅबिनेटच्या पॉवरचा प्लग तो कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचा खास होता, तो नव्या बोर्डात बसेना. पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटही नवं घ्यावं लागलं. हे आधी बघायला हवं होतं, असं तिने प्रदीपला सांगितलं. तो म्हणाला, “आसूंदे.”

घरी तिने बोर्ड आणि प्रोसेसर बसवला, फोरच्या त्याच दोन पट्ट्या त्यात घातल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. मशीन आपोआप बंद झालं, चालू झालं, पुन्हा बंद झालं. नवा बोर्ड पहिल्यांदा मेमरी ओळखताना असं करतो, हे रतनने वाचलं होतं; तिने हात लावला नाही. तिसऱ्या खेपेला पडदा उजळला.

“झालं का?” भामाबाईंनी विचारलं.

“झालं,” ती म्हणाली आणि गराड्यांची सकाळी आलेली फाइल उघडली.