काठीचा मान आणि कुशाबा गुरुजींचं नाव

माले गावात कादंबरी लिहिणं म्हणजे उनाडक्या करण्याचाच एक शिकलेला प्रकार समजत. कुशाबा गुरुजींनी तशा चार लिहिल्या. शाळा सुटली की पडवीत बसून लिहायचे, आणि बायको तुळजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "शाळंचे कागद भरत्यात." नवऱ्याच्या अब्रूची काळजी होती तिला.

चौथी कादंबरी गावच्या जत्रेवरची. अठ्ठावन्न साली ती पुण्याच्या एका निर्मात्याच्या हाती लागली. निर्माते मोटारीतून आले, पिठलं-भाकरी जेवले आणि म्हणाले, "पटकथाही तुम्हीच लिहा. पडद्यावर तुमचं नाव, एकट्याचं, भलं मोठं!" झालं! गुरुजींना त्या नावापुढं दुसरं काही दिसेना. फळ्यावर बेरीज मांडली तरी खाली सही ठोकू लागले.

पटकथेत नायक जत्रेची काठी, म्हणजे देवाचं उंच, जडशीळ निशाण, खांद्यावर घेऊन देवळाला फेरी घालणार होता. तिथंच घोडं अडलं. काठीचा मान कोंडाजीच्या भावकीचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. कोंडाजीनं गुरुजींना चावडीत गाठलं.

"गुरुजी, ह्यो तुमचा हिरो कोन्च्या भावकीतला?"

"अरं, त्यो नट हाय. खोटंखोटं उचलनार."

"काठी खरी का खोटी?"

"खरी."

"मग खांदाबी खराच लागतुया."

गुरुजींनी पटकथेत नायकाला कोंडाजीचा जावई करून आणलं. कोंडाजी म्हणाला, "जावयाला जेवायचा मान. काठीचा न्हाई." मग गुरुजींनी नायक कोंडाजीला दत्तक दिला. कोंडाजी विरघळत आला होता, तोच त्याची आई गोजराबाई कडाडली, "दत्तक घेतलास तर जमिनीत वाटा मागंल त्यो मुडदा! नटाचा काय भरवसा?"

निर्मात्याचं पत्र आलं. जत्रा स्टुडिओतच उभी करतो. नायक काठी उचलतो असं लिहून द्या, नाहीतर नाव विसरा. गुरुजींनी चावडीत छाती पुढं काढून सांगितलं, "जीव गेला तरी लिवनार न्हाई!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पौडच्या टपालपेटीत त्यांनी जाडजूड पाकीट टाकलं. एवढं मन बदलायला रंगभूमीवर दोन अंक लागतात. गुरुजींनी एका सकाळीत उरकलं.

साठ साली पौडला तंबूत तो सिनेमा लागला. गाव बैलगाड्या जुंपून गेलं. तुळजाबाई नवं लुगडं नेसली. पडद्यावर नावं सुरू झाली. कथा, पटकथा, संवाद: निर्मात्याचे मेहुणे. गुरुजींचं नाव आचाऱ्यांच्या यादीतसुद्धा नव्हतं.

गुरुजी रडायच्या बेतात असताना जत्रा आली. नायक चमक्या चिकटवलेला बांबू एका हातानं छत्रीसारखा मिरवत होता. तंबूत बोंब उठली. कोंडाजी उभा राहिला.

"बगितलं का? आपल्या गुरुजीनं असलं लिव्हाय नकार दिला, म्हनून त्येंचं नाव काडलं! मानूस असावा तर असा!"

लोकांनी गुरुजींना उचलून घेतलं. वरून गुरुजी कळवळून ओरडले, "अरं, मीच लिव्हलंय त्ये! शब्द न्‌ शब्द माझा हाय!"

"गप ऱ्हावा, गुरुजी," कोंडाजी गहिवरला. "दुसऱ्याचं पापबी अंगावर घेताय. केवढं हे मन!"

पुढल्या जत्रेपासून काठीपुढं पहिला नारळ फोडायचा मान गुरुजींना मिळाला. मरेपर्यंत त्यांनी तो घेतला. दरवर्षी नारळ फोडताना शेजारच्याला हळूच सांगायचे, "त्ये मीच लिव्हलं हुतं, बरं का." शेजारचा हात जोडायचा आणि त्यांच्या पाया पडायचा.