पाझरणारं गाडगं

कमलबाई गेल्या हे मला चांद्याच्या बसथांब्यावर कामगार संघटनेची पत्रकं वाटताना कळलं. त्यांच्या शाळेचा शिपाई म्हणाला, "भाऊ, आपल्या बाई तापानं गेल्या," आणि हातातलं पत्रक न वाचताच घडी करत निघून गेला. या गोष्टीला महिना झाला. मला रागावून लिहायची सवय. पण या बाईंवर लिहायला बसलो की हसूच येतं...

त्या रसायन शिकवत. दोन वर्षांपूर्वी घुग्घुसकडच्या एका खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपाचा नळ सांध्यापाशी फुटला आणि साहेबानं ठपका ठेवला पंपवाल्या दौलतवर. म्हणे, त्यानंच मुद्दाम फोडला! सोमवारी चौकशी, की लगेच नोकरीवरून घरी. मी जळजळीत पत्रक लिहून बाईंना दाखवायला नेलं. वाचून म्हणाल्या, "पोरा, उद्गारचिन्हानं लोखंड झिजत नाई. नळाचा तुकडा आन. खाणीचं पाणी आन."

नळ लोखंडी, सांधा पितळेचा. खाणीच्या आंबट पाण्यात हे दोघं चिकटून बसले की लोखंड खाल्लं जातं, असा बाईंचा संशय. पण तो मोजून दाखवायचा होता. त्यांनी दोन्ही धातूंचे तुकडे घासून लख्ख केले, ठरलेला भागच भिजावा म्हणून बाकीच्यावर मेण लावलं आणि ते बरणीतल्या खाणीच्या पाण्यात सोडले. "दोघांच्या भांडणात न हलणारा पंच पायजे," म्हणाल्या. तो पंच म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात उभी तांब्याची दांडी, मातीच्या गाडग्यात, गाडगंही बरणीतच. तारा जोडल्या आणि शाळेच्या विजेच्या मापकाचा काटा... ढिम्म! मी ओरडलो, "खाणवाल्यांनी यंत्र बिघडवलं!" बाईंनी गाडगं उचललं, बोटानं आत-बाहेर चाचपलं आणि खो खो हसत सुटल्या. शाळेच्या बाईंसाठी म्हणून कुंभारानं ते घोटून घोटून असं पक्कं केलं होतं की थेंब झिरपेना. आणि झिरपल्याशिवाय वीज वाहायची कशी?

आम्ही कुंभाराकडे. "भाऊ, मले पाझरणारं पायजे."

"काऊन बाई, थट्टा करता का गरिबाची? माह्या बापानं कधी पाझरणारं गाडगं इकलं नाई!"

"मातीत भुसा जास्त घाला. अन् घोटू नका."

त्यानं केलं, पण हात जोडून बजावलं, "माह्यं नाव कोनाले सांगू नका." म्हणून इथंही सांगत नाही. त्या भांड्यानं काटा हलला, तेव्हा बाईंनी टाळी वाजवली. मी लगेच पत्रक छापायला निघालो, तर माझा सदरा धरून म्हणाल्या, "थांब. काटा स्थिर होऊ दे. नदीच्या पाण्यातही पाहू."

सोमवारी बरणी मांडीवर घेऊन त्या बसनं खाणीवर आल्या. दौलत दाराशी उभा, चेहरा राखेसारखा. साहेब म्हणाला, "ये क्या तमाशा है? शाळेचं खेळणं?"

"खेळणंच हाय साहेब. तुम्हीच खेळा. तारा तुम्हीच लावा."

त्यानं गाडग्यातल्या दांडीशी आधी पितळ जोडलं, मग लोखंड. काट्यावर दोघांत मोठं अंतर दिसलं. दोन्ही मापकातून एकमेकांशी जोडले तर काटा झपकन पळाला, म्हणजे लोखंड खाल्लं जात होतं. नदीच्या पाण्यात जेमतेम हलला. मग बाईंनी नळाचा तुकडा पुढं सरकवला. "हातोड्यानं फुटलेलं लोखंड असं आतून पोखरलेलं असते का?" साहेबानं तारा पुन्हा लावून पाहिल्या. पुन्हा तेच! शेवटी खाकरून म्हणाला, "तो नया जोड कैसा लगाना?"

"दोन धातूंच्या मधात रबराची चकती घाला. बोल्टालेही."

दौलत त्याच दुपारी पुन्हा पंपावर कामाला गेला. माझं पत्रक छापलंच नाही, त्याचं मला जरा वाईटच वाटलं.

परवा मी खाणीवर गेलो होतो. नवा फिटर सांधा आवळत होता. बाईंना त्यानं कधी पाहिलेलं नाही. पंपाच्या धडधडाटात दौलत ओरडला, "अरे, बाईंची चकती घातली का?"

"घातली ना भाऊ! बाईंशिवाय पंप चालते का कुठी?"