चारूची निळी बाटली

आमची चारू, म्हंजी चारुशीला, माझी धाकटी बहीण. आमी विट्याकडचे गलाईवाले. तेजाबात सोनं विरघळवायचं, चोख करून सोनाराला द्यायचं, ह्यो आमचा पिढीजात धंदा. दुकानातली झाडलेली धूळसुदिक आमी टाकत न्हाई, जाळून तिच्यातलं सोनं काढतो. चारू मात्र सांगलीला शिकाय गेली आन् तिथं उलटाच उद्योग घेऊन बसली.

म्हनली, "दादा, सोन्याचं इतकं बारीक कण करायचं की पाणी डाळिंबाच्या रसावानी लाल दिसंल. त्या कणांवर रंग चढवायचा आन् ते रोगजंतूला चिकटवायचे. लेसर मारला की रामनचं मशीन त्या रंगाचा उजेड वळखून कागदावर रेघेची उंच टोकं काढतं. टोकं उठली म्हंजी जंतू हाय!"

"आगं, सोनं लाल दिसाय लागलं तर आपल्याला कोण इचारंल?" मी चिडवलं.

शहाण्णव साली तिच्या सरांनी पुण्यातल्या मशीनवर एकच सकाळ मिळवली. आधी जंतूबिगार, नुसत्या रंग चढवलेल्या सोन्याची टोकं उठत्यात का ते बघायचं; न्हाई उठली तर संशोधनाचा विषय बदलायचा, म्हंजी इतक्या वर्सांची मेहनत वाया. त्यात जायच्या आधी घोटाळा झाला. घाईत एक बाटली तिनं नळाच्या खाऱ्या पाण्यानं धुतली, आन् तिच्यात रंग चढवलेलं सोनं वतलं तसं समदं निळं पडलं. कण एकमेकांना चिकटलं व्हतं. सर म्हणाले, "बिघडलं. ओतून टाक." तिनं गपचिप झाकण लावून बाटली पिशवीत घातली.

पुण्याला मी संगट गेलतो. लाल बाटली लावली, कागदावर सपाट रेघ. दुसरी लावली, तीच गत. मशीनवाला घड्याळ बघाय लागला. माझं डोस्कं असं फिरलं, वाटलं त्या डबड्याला एक लाथ घालावी! पर चारू लय खमकी. तिनं निळी बाटली काढली.

"अगं, ती बिघडलेली आहे!" सर म्हणाले.

"लावून तर बघू, सर."

मशीनची सुई ताडकन वर गेली. एकामागं एक टोकं उठली. "आरं तिच्या मारी!" मी वरडलो. चारूला लगीच उमगलं. कण जवळ आल्याबिगार टोकं जोरात उठत न्हाईत. "सर, आता मीठ मापून घालू. कण जवळ आलं की तिथंच थांबवायचं," ती म्हनली. आनंदानं माझं डोळं भरून आलं, खोटं कशाला सांगू.

सर कागद हातात धरून बघतच राहिले. "मी ओतून टाक म्हणालो होतो. का ठेवलीस?"

"सोनं व्हतं की वो त्यात," चारू म्हनली. "आमच्यात सोनं वतून देत न्हाईत."