आत्याची सही

आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील शेतकरी, पण कुठल्याही मोर्चाहून परतताना खिसाभर कागद घेऊन यायचे. मी वाचायला त्यांवरच शिकले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सातपूरचे कारखाने वाढले आणि प्लॉट पाडणारे लोक जीपमधून गावात यायला लागले, तेव्हा मी आधी पत्रकच लिहिलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सायक्लोस्टाइलची शाई आठवडाभर नखांतून गेली नाही.

त्यातून करार ठरला. सरकारचा नाही, गावाचा आपला आपण. दहा वर्षं कुणी जमीन बिनशेती करायची नाही, प्लॉटवाल्याला विकायची नाही. कुणाला कसणं झेपलं नाही तर शेजाऱ्यानं वाट्यानं करायची. मारुतीच्या पारावर गावातल्या पुरुषांनी एकेक करून बेल-भंडारा उचलून शपथ घेतली, मग माझ्या कागदावर सही नाहीतर अंगठा. पहिली सही वडिलांची. शेवटी मी भाषण केलं. समतेवरही बोलले.

पंधरा दिवसांनी गट नंबर तपासायला तलाठ्याकडे गेले. आमच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाखाली आत्याचं नाव होतं. आजोबा गेल्यावर वारस म्हणून लागलेलं. बहुतेक घरांत अशी एखादी बहीण होती. पारावर एकीलाही बोलावलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

वडील म्हणाले, "त्यात काय एवढं? दिवाळीला येईल, साडी नेसवू, हक्कसोडीवर सही करील. सगळ्यांच्या बहिणी करतात."

मला दिवाळीपर्यंत दम निघेना. कागद घेऊन बसनं देवळाली कॅम्पला गेले. आत्या विधवा. मिलिटरीतल्या एका साहेबांकडे स्वयंपाक करायची आणि त्यांच्याच बंगल्यामागे पत्र्याच्या खोलीत राहायची. साहेबांची बदली झाली की खोली जाणार. भाकरी थापता थापता तिनं मला करार वाचायला लावला.

"मी माझा वाटा इकून हितं एक खोली घ्यायचं धरलं व्हतं. ते गेलं म्हण."

जमीन आपली आई आहे, हे पत्रकातलं वाक्य मी तिला ऐकवलं.

"आई हाय तर लेकीला इचारायचं नाय व्हय, बाई?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसले.

"हक्कसोड मी करनार नाय, सांग तुझ्या बापाला. पन ह्याच्यावर करते. त्याच्या खाली नको, शेजारी दाव जागा."

दुसरीपर्यंत शिकलेली होती. सही करायला बराच वेळ लागला. परतताना बसमध्ये मी मनातल्या मनात तिच्यावर पत्रक लिहीत होते. साहेबांची बदली झाल्यावर ती कुठं जाईल, हे डोक्यातही आलं नाही.

करार पाच-सहा वर्षं तगला. मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती, लाज तेवढी होती. एकानं मोडला, मग त्याच्या चुलतभावानं. वडिलांचे गुडघे गेले आणि त्यांची जमीन ज्यानं वाट्यानं करायची तो शेजारीच प्लॉट पाडून मोकळा झाला. तेव्हा तेही विकायला निघाले. घेणाऱ्याला सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या.

आम्ही दोघं देवळालीला गेलो. आत्याची ही तिसरी खोली.

"दहा वर्सं म्हनला व्हता," ती म्हणाली. "अजून तीन हायेत."

"अक्का, सगळ्यांनी मोडलाय गं. मी एकटा काय धरून बसू?"

"त्यांनी भंडारा उचलून मोडला. मला कुनी उचलायला बोलावलंच नाय. माझी नुसती सही हाय, ती मी कशी मोडू?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. तिला समजावायला म्हणूनच मला आणलं होतं, आणि मीही कबूल होऊन आले होते. तोवर मी एका साप्ताहिकात नोकरीला लागले होते, राहत होते ती वसाहतही कुणाच्या तरी कांद्याच्या वावरात उठलेली. मी उठले आणि वडिलांना उठायला हात दिला.

त्या वर्षी वडिलांनी गुडघ्यांना फडकी बांधून गहू पेरला. काढणीनंतर एक पोतं माझ्यासोबत देवळालीला पाठवलं. "तिच्या वाट्याचं," एवढंच म्हणाले. यापूर्वी कधी पाठवलं नव्हतं.

हमालाबरोबर ते खोलीपर्यंत नेलं. आत ठेवायला जागा नव्हती. दारातच टेकवलं.